स्टेला मारिस : बंदरावरच्या सेवेची १०५ वर्षे

४ ऑक्टोबर २०२५ रोजी खलाशांची सेवा करणाऱ्या स्टेला मारिस या कॅथलिक संस्थेला १०५ वर्षे पूर्ण झाली. २०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते आणि रोममध्ये स्थलांतरितांची ज्युबिलीही नेमकी ४ आणि ५ ऑक्टोबरलाच साजरी झाली. हा योग साधून निघालेल्या या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा यावा, असे संपादक मंडळाने ठरवले. संस्था जन्मली स्कॉटलंडमध्ये. पण वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातल्या बार्देश-साष्टीत ज्या घरांतून “मुलगा बोटीवर आहे” हे वाक्य रोज ऐकू येते, त्या घरांचा या इतिहासावर हक्क आहे. तो हक्क मनात ठेवूनच हे लिहिले आहे.

स्थलांतरित कामगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीटभट्टी, ऊसतोड, बांधकाम येते. खलाशी येत नाही, कारण तो दिसत नाही. जगाच्या व्यापारातला ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रावरून जातो आणि तो वाहून नेणारा माणूस आठ-नऊ महिने घराबाहेर असतो. जहाजाचा मालक एका देशातला, जहाजावरचा झेंडा दुसऱ्या देशाचा, नोकरी लावणारा एजंट तिसऱ्या देशात आणि जहाज अडकलेले चौथ्याच बंदरात. पगार थकला तर त्याने दाद कुठे मागायची? या प्रश्नाजवळ उभे राहण्याचे काम स्टेला मारिसने केले.

१९२० पूर्वी

खलाशांच्या सेवेत पहिले पाऊल आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनी टाकले, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. १८३५ च्या सुमारास ब्रिस्टलच्या खाडीत वाऱ्याची वाट पाहत नांगरून पडलेल्या जहाजांवर रेव्हरंड जॉन अॅशले होडीने जाऊ लागले. त्या कामातूनच पुढे १८५६ मध्ये ‘मिशन्स टू सीमेन’ ही अँग्लिकन संस्था उभी राहिली. फ्रान्समध्ये १८९४ साली असम्प्शनिस्ट धर्मगुरूंनी आइसलँड आणि न्यूफाउंडलँडच्या गारठ्यात कॉड मासळी पकडणाऱ्या कोळ्यांसाठी रुग्णालयाची जहाजे धाडण्याचा उपक्रम सुरू केला. जागोजागी अशी तळमळीची माणसे होती, पण एका बंदरातून सुटलेल्या खलाशाला पुढच्या बंदरात कोणी ओळखीचे भेटेल अशी साखळी कॅथलिक ख्रिस्तसभेत नव्हती.

मुंबईत तेव्हा काय होते? १८७०च्या दशकात अपोलो बंदराजवळ रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची देखणी इमारत उभी राहिली. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. ती सोय युरोपीय खलाशांसाठी होती. आपल्या माणसांनी आपली सोय आपणच केली. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या एकेका गावाने आपापला ‘कूड’ थाटला. एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या ट्रंका, एका टोकाला वेदी. महिन्याची किरकोळ वर्गणी भरायची, रात्री ट्रंकेशेजारी अंथरूण टाकायचे, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची आणि सकाळी शिपिंग ऑफिसच्या दारात नंबर लावायचा. कूड ही धर्मशाळा होती, पतपेढी होती आणि प्रार्थनाघरही होते. कोणा मिशनने न सांगता गरीब तारवट्यांनी, म्हणजे गोव्याच्या खलाशांनी, एकमेकांसाठी उभी केलेली ही व्यवस्था स्टेला मारिसच्या इतिहासात पूर्वपीठिका म्हणून यायलाच हवी, असे मला वाटते.

१९२० चे दशक : ग्लासगोची बैठक

पहिले महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. ४ ऑक्टोबर १९२० रोजी ग्लासगोत काही मंडळी एकत्र आली आणि ‘अपोस्टलशिप ऑफ द सी’ या नावाने काम सुरू झाले. त्यांत तीन नावे प्रमुख होती. पीटर अॅन्सन हे चित्रकार. वेल्सजवळच्या कॅल्डी बेटावरील अँग्लिकन बेनेडिक्टाईन मठात असताना, १९१३ मध्ये, मठातल्या बहुतेकांबरोबर ते कॅथलिक झाले. कोळी आणि त्यांच्या होड्या हा त्यांच्या चित्रांचा आयुष्यभराचा विषय. दुसरे ब्रदर डॅनियल शील्ड्स, जेझुइट संघाचे. तिसरे आर्थर गॅनन, ज्यांनी संघटनेचा पत्रव्यवहार आणि बांधणी पुढे अनेक वर्षे नेटाने सांभाळली. तिघांतला एकही धर्मगुरू नव्हता. प्रापंचिक आणि ब्रदर मंडळींनी सुरू केलेले हे काम पुढेही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालले, त्याचे बीज त्या बैठकीतच होते.

१९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी संघटनेच्या घटनेला मान्यता आणि आशीर्वाद दिला. नांगर, जीवरक्षक कडे आणि मधोमध येशूचे पवित्र हृदय हे बोधचिन्ह घराघरांत गेले. प्रकृतीने साथ न दिल्याने अॅन्सन काही वर्षांतच दैनंदिन जबाबदारीतून मोकळे झाले, पण १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची लेखणी आणि कुंचला समुद्राच्या माणसांसाठीच चालला. कामाच्या पद्धतीवरून वाढत्या संस्थेत होतात तसे मतभेद झाले आणि ते मिटलेही.

१९३० ते १९४५ : लास्करांचा काळ

ग्लासगोच्या क्लाइड नदीवरून अँकर लाइनची जहाजे मुंबईला येत. ब्रिटिश व्यापारी ताफ्यात त्या काळी साधारण चौथा हिस्सा खलाशी ‘लास्कर’ म्हणजे हिंदी आणि आशियाई होते. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातकडचे, बॉयलरपाशी पंजाबी-पठाण आगवाले, सलून आणि भटारखान्यात गोंयकार. सारंग, तांडेल, भंडारी हे जहाजावरचे हुद्दे आपल्याच भाषांतून गेलेले. त्यांना मिळणारे वेतन गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास असे, आणि झोपायला मिळणारी जागा कायद्यानेच निम्म्याहून कमी ठरवलेली. १९३९ मध्ये युद्ध पेटताच बंदराबंदरांत लास्करांनी काम थांबवले आणि काहींनी त्यासाठी तुरुंगही भोगला, तेव्हा कुठे वेतन हलले.

आपल्या संस्थेचे काम त्या काळात प्रामुख्याने युरोपातील कॅथलिक खलाशांपुरते होते. मिस्सा, वाचनालय, निवारा, घरी पत्र लिहून देणे. वेतनाचा आणि वर्णभेदाचा प्रश्न तेव्हा सेवेच्या कक्षेत आला नव्हता. इतिहास लिहिताना हे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या पिढ्यांनी ही कक्षा रुंदावली, ती मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी प्राणास मुकले. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये कोरलेली आहेत. त्या वाटेने जाणाऱ्याने एकदा आत डोकावून ती वाचावीत. आडनावांवरून गावे ओळखू येतात.

पन्नास आणि साठचे दशक

१ ऑगस्ट १९५२ रोजी पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांच्या सेवेविषयी प्रेषितीय आज्ञापत्र काढले आणि त्यात सागरी प्रेषितकार्यालाही जागा मिळाली. कारभाराचे केंद्र रोमकडे सरकले. खलाशी हाही स्थलांतरित आहे, ही जाणीव इथे अधिकृत झाली.

याच दशकांत समुद्रावर दोन बदल घडले आणि त्यांनी खलाशाचे जगणे पालटले. एक म्हणजे सोयीचा झेंडा. पनामा, लायबेरिया अशा देशांत जहाजाची नोंद करायची, म्हणजे करही कमी आणि कामगार कायदेही सैल. आंतरराष्ट्रीय परिवहन कामगार महासंघाने, म्हणजे आयटीएफने, १९४८ पासूनच याविरुद्ध मोहीम उघडली होती. दुसरा बदल कंटेनरचा. एप्रिल १९५६ मध्ये पहिले कंटेनर जहाज अमेरिकेत न्यूअर्कहून निघाले. ज्या जहाजाला माल उतरवायला आठवडा-दोन आठवडे लागत, ते पुढे एका दिवसात, काही तासांत बंदर सोडू लागले. बंदरे शहराबाहेर गेली. आपल्याकडेही १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झाले. बॅलार्ड पियरवर उतरून चालत धोबीतलावला जाणाऱ्या खलाशाला आता खाडीपलीकडून मुंबईचे दिवे दिसू लागले, एवढेच. नृत्य, बिलियर्ड आणि बिछाने असलेले जुने सीमेन्स क्लब त्यामुळे ओस पडले. खलाशी केंद्रात येत नसेल तर आपण जहाजावर जायचे, हे सूत्र तेव्हापासून सर्वत्र पक्के झाले.

१९६९ मध्ये रॉटरडॅम येथे वेगवेगळ्या ख्रिस्ती सागरी संस्थांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन अशा सर्व बंधुसंस्थांनी एकाच बंदरात एकमेकांशेजारी वेगळी दारे उघडण्यापेक्षा एकच दार सर्वांनी चालवावे, हा विचार त्यातून रुजला. आज कितीतरी बंदरांत तसेच चालते.

सत्तर आणि ऐंशीचे दशक

१९७५ पासून जुलैचा दुसरा रविवार ‘सागर रविवार’ म्हणून पाळला जाऊ लागला. याच काळात खलाशांची भरती युरोपातून आशियाकडे वळली. फिलिपिन्सने १९७४ पासून परदेशी नोकऱ्यांचे धोरणच आखले, आणि बघता बघता मनिला व मुंबई ही जगाला खलाशी पुरवणारी शहरे झाली.

बंदरावरच्या सेवकांना आता नवी दुखणी भेटू लागली. एजंटला लाखभर रुपये देऊन मिळवलेली नोकरी. एक पगार दाखवणारा करार आणि दुसरा खरा पगार सांगणारा कागद, अशी दुहेरी कागदपत्रे. तक्रार केली की नाव काळ्या यादीत. धर्मगुरू आणि स्वयंसेवक पगारपत्रक वाचायला शिकले, आयटीएफच्या निरीक्षकाला फोन करायला शिकले, बंदर अधिकाऱ्यांपुढे उभे राहायला शिकले. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातला परका, भुकेला आणि बंदिवान त्यांना जहाजाच्या एकाच शिडीवर, एकाच गँगवेवर, एकाच माणसात भेटत होता.

जहाजभेट म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. स्वयंसेवक हेल्मेट आणि चकाकणारे जाकीट घालून गँगवे चढतो. वहीत नाव लिहितो, पाठीवरची पिशवी घेऊन थेट मेसरूममध्ये, म्हणजे खलाशांच्या जेवणघरात, जातो. पिशवीत सिमकार्ड, जपमाळा, वर्तमानपत्रे आणि धर्मग्रामातल्या स्त्रियांनी विणलेल्या लोकरीच्या टोप्या. उत्तरेच्या समुद्रात त्या टोपीची किंमत कोकणातल्या पोराला चांगली कळते. चहा होतो. मग प्रश्न साधे असतात. घरी बोलणे झाले का? जेवण कसे आहे? पगार घरी पोहोचला का? उत्तर देताना ऑइलरने चीफ ऑफिसरकडे पाहिले, तर अनुभवी स्वयंसेवक तिथे काही विचारत नाही. “चला, गाडी आहे, दुकानात जाऊन येऊ,” म्हणतो. खरे काय ते गाडीत कळते.

नव्वदचे दशक

३१ जानेवारी १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘स्टेला मारिस’ या नावाच्या पत्राने सागरी प्रेषितकार्याचे नियम नव्याने घालून दिले. बंदर-धर्मगुरूंचे अधिकार, खलाशांच्या कुटुंबांची सेवा, बिशपांची जबाबदारी हे सारे त्यात स्पष्ट झाले. जहाजावरच्या माणसाइतकीच घरी राहिलेली बायको आणि वर्षभर बापाला न पाहिलेली मुले हीही आपली माणसे, हे धोरणाच्या पातळीवर आले.

२००० ते २०१०

अमेरिकेतील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बंदरांभोवती कुंपणे वाढली. जुलै २००४ पासून नवी सुरक्षा संहिता लागू झाली आणि कितीतरी बंदरांत खलाशाला जमिनीवर पाय ठेवायलाही परवानगी मिळेना. महिनाभर समुद्र कापून आलेल्या माणसाने समोरचे झाड फक्त पाहायचे. शोअर पास मिळवून देणे आणि गेटपर्यंत गाडी नेणे हे स्वयंसेवकांचे मोठे काम होऊन बसले.

दुसरीकडे एक मोठे यश याच दशकात पदरात पडले. २३ फेब्रुवारी २००६ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सागरी कामगार करार स्वीकारला. विश्रांतीचे किमान तास, वेळेवर पगार, खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेण्यास बंदी, जहाजावरच तक्रार करण्याचा हक्क, बंदरावर कल्याण केंद्रे हे सर्व एका दस्तऐवजात आले. युनियन, सरकारे आणि जहाजमालक वाटाघाटीला बसले होते. ख्रिस्ती सागरी संस्थांनी मेसरूममधून गोळा केलेला अनुभव त्यांच्यापुढे ठेवला. करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने ९ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याला मान्यता दिली.

२०१० चे दशक : मलविया सेव्हन

कायदा झाला तरी मालक पळ काढतात. जून २०१६ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीचे ‘मलविया सेव्हन’ हे पुरवठा जहाज स्कॉटलंडच्या अबर्डीन बंदरात रोखले गेले. जहाजावरचे सगळे खलाशी भारतीय, महिनोन् महिने पगार नाही. जहाज सोडून घरी गेलो तर थकबाकीवरचा हक्क जाईल, म्हणून काहीजण थंडीतही जहाजावरच राहिले. घरी हप्ते थकले, मुलांची फी थकली. अबर्डीनच्या लोकांनी या अनोळखी माणसांना आपले मानले. स्टेला मारिसचे बंदरसेवक, इतर मिशनची मंडळी आणि आयटीएफचे निरीक्षक जहाजावर येत-जात राहिले. जेवणाचे सामान, गरम कपडे, फोनचे पैसे, नाताळच्या दिवशी कोणाच्या तरी घरी पानावर जागा. शेवटी सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जहाज विकले गेले आणि त्या रकमेतून खलाशांच्या थकीत पगाराची सोय झाली. ज्या देशात १९२० मध्ये संस्था जन्मली आणि जिथे एकेकाळी आमच्या लास्करांना दारावरून परतावे लागे, तिथे हे घडले याचे मला फार मोल वाटते.

याच वर्षी, १८ जानेवारी २०१७ पासून, सागरी कराराची एक महत्त्वाची दुरुस्ती लागू झाली होती. जहाजमालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार, अन्नपाणी आणि परतीचा खर्च विम्यातून देणे आता बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तैवानच्या काऊशुंग बंदरात संस्थेची जागतिक परिषद झाली, तिचा विषय होता दूरसमुद्रातल्या मासेमारी जहाजांवर राबणारे मजूर. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधली ही मुले वर्ष-वर्ष किनारा पाहत नाहीत, आणि मासेमारी जहाजांना सागरी कामगार करार लागूच होत नाही. त्यांच्यासाठीचा वेगळा आंतरराष्ट्रीय करार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमलात आला, पण त्यावर सह्या करणारे देश अजून थोडे आहेत.

२०२० पासून

शताब्दीच्या वर्षी जगभर ‘स्टेला मारिस’ हे एकच नाव स्वीकारायचे ठरले. ग्लासगोत मोठा मेळावा भरायचा होता, तो कोविडमुळे ऑक्टोबर २०२२ पर्यंत पुढे गेला. त्या साथीत सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले. ‘जग आनंद’ हे जहाज चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर जून २०२० पासून नांगरून होते आणि त्यावरचे २३ भारतीय जानेवारी २०२१ मध्ये घरी पोहोचले. गँगवे चढायला मनाई असताना बंदरसेवकांनी धक्क्यावर पिशव्या ठेवल्या, दोरीने वर पाठवल्या आणि फोनवरून रात्री-अपरात्री धीर दिला.

२६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘डाली’ हे मालवाहू जहाज वीज जाऊन पुलावर आदळले आणि पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरहून पोटासाठी आलेली ही माणसे. जहाजावर एकवीस खलाशी होते, वीस भारतीय आणि एक श्रीलंकेचा. तेही पोटासाठीच आलेले. आदल्याच दिवशी स्टेला मारिसच्या बाल्टिमोर केंद्राचे संचालक त्यांच्यापैकी दोघांना खरेदीला घेऊन गेले होते. अपघाताची बातमी कळताच त्यांनी व्हॉट्सअॅपवर विचारपूस केली आणि आम्ही ठीक आहोत, असे उत्तर आले. पुढे चौकशीसाठी खलाशांचे फोन काढून घेतले गेले. घरी बोलता येईना, बँकेचे व्यवहार होईनात. केंद्राने आणि इतर सेवाभावी मंडळींनी दुसरे फोन आणि सिमकार्डे पोहोचवली. खलाशी जहाजावर असतानाच १३ मे रोजी पुलाचा लोखंडी सांगाडा सुरुंगाने उडवला गेला. मृत मजुरांसाठी बाल्टिमोरच्या स्पॅनिशभाषक धर्मग्रामात मिस्सा होत होती आणि जहाजावरच्या खलाशांसाठी बंदरावर प्रार्थना होत होती. एका शहरातल्या एकाच ख्रिस्तसभेने दोन्हीकडच्या स्थलांतरितांना जवळ घेतले.

आज पन्नासहून अधिक देशांतील तीनशेहून अधिक बंदरांत संस्थेचे काम चालते. एक हजाराहून अधिक धर्मगुरू, सिस्टर्स आणि स्वयंसेवक त्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही अहवालात येत नाहीत. काम कमी झालेले नाही. आयटीएफच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये तीनशेहून अधिक जहाजे मालकांनी सोडून दिली, तीन हजारांहून अधिक खलाशी त्यांवर अडकले, आणि त्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. म्हणून आपल्या धर्मग्रामांतल्या तरुणांना आणि त्यांच्या आईवडिलांना एक आग्रहाची विनंती आहे. साइन-ऑनआधी, म्हणजे जहाजावर रुजू होण्याआधी, एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे का ते पाहावे. नोकरीसाठी पैसे मागणारा एजंट कायदा मोडतो आहे हे ओळखावे. कराराची प्रत घरी ठेवावी आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून घ्यावा.

आणखी एक काम दारात उभे आहे. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मुंबईच्या ससून डॉकपर्यंत ट्रॉलरवर नेपाळ, ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातून खलाशी येतात. उचल घेऊन आलेले, नोंद नसलेले, समुद्रात आठ-दहा दिवस काढून पुन्हा समुद्रातच जाणारे. या बंदरांवर आठवड्यातून एकदा तरी फेरी मारण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. नेपाळी किंवा ओडिया बोलता येत असेल तर उत्तम. हिंदी येत असेल तरी चालेल.